विदर्भात खरंच हिमनद्या होत्या? चंद्रपूरचा खडक काय सांगतो?

मे महिन्यात भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. तिथे कुणी म्हटलं की 'विदर्भात एकेकाळी हिमनद्या होत्या', तर लोक हसतील. पण पुरावा फार लांब नाही. तो चंद्रपूरजवळ इरई गावापाशी, पैनगंगेच्या पात्रात आहे.

पुरावा काय?

तिथला चुनखडक घासून गुळगुळीत झालाय आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक असाच ओरबाडतात. या खडकावर बारीक माती आणि मोठमोठे धोंडे एकत्र असलेला थर आहे. वाहतं पाणी सहसा बारीक-जाड वेगळं करतं, बर्फ मात्र सगळं एकत्रच टाकून जातो. भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये यावर लिहिलं होतं.

हे कधी घडलं?

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा भारत गोंडवाना महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. चंद्रपूरचा दगडी कोळसा या थराच्या वर सापडतो. म्हणजे आधी बर्फ आणि नंतर जंगल.

मग मॅमथचं हिमयुग?

ते वेगळं. ते सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपलं आणि त्या काळात विदर्भात हिमनद्या नव्हत्या. म्हणून 'हिमयुगात विदर्भ बर्फाखाली होता' अशी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: कोणतं हिमयुग?