पुरानंतरचे पाळणाघर

पूर ओसरला, की गावात प्रथम काय सुरू व्हावे, असा प्रश्न कोणाही नागरिकास विचारला तर तो रस्ता म्हणेल, दवाखाना म्हणेल, पिण्याचे पाणी म्हणेल; फार झाले तर बँक आणि बाजार म्हणेल. पाळणाघर असे उत्तर सहसा कोणी देत नाही. परंतु रस्त्यावरचा गाळ उपसणारा, दवाखान्यातली परिचारिका आणि पाण्याच्या टाकीवरचा पंपवाला ही माणसे कामावर येणार केव्हा? त्यांची तान्ही आणि चारपाच वर्षांची मुले दिवसभर कोणीतरी सांभाळील तेव्हा. जे सर्वांत आधी उघडले पाहिजे त्याला पैसा सर्वांत शेवटी मिळतो, ही आमच्या आजच्या विषयातली गाठ आहे. ती अमेरिकेतल्या आदिवासी जमातींच्या उदाहरणाने उकलून पाहण्याचा आमचा विचार आहे. कारण तिथे ही गाठ दुहेरी बसलेली आहे. आधी मुलांकडे दुर्लक्ष, आणि त्यातून मुले जमातीची.

या लोकांना आपल्याकडच्या जुन्या भूगोलात ‘तांबडे इंडियन’ म्हणत. ते नाव आता सोडलेलेच बरे. आजच्या संयुक्त संस्थानांत केंद्र सरकारने मान्य केलेल्या अशा जमाती सुमारे पावणेसहाशे आहेत. त्या नुसत्या जाती किंवा समाज नव्हेत, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. त्यांची स्वतःची निवडलेली मंडळे आहेत; पुष्कळांची न्यायालये आणि पोलीसही आहेत. वॉशिंग्टनशी त्यांचे नाते जुन्या तहांतून आलेले, म्हणजे एका सरकारचे दुसऱ्या सरकारशी असावे तसे आहे. निदान कागदावर तरी तसे आहे.

मुलांच्या संगोपनासाठी अमेरिकेत केंद्र सरकारचा एक निधी आहे. १९९० च्या कायद्याने तो सुरू झाला, १९९६ मध्ये त्याला आजचे रूप आले आणि २०१४ मध्ये कायद्याची पुन्हा बांधणी झाली. मिळकत बेताची असलेल्या आईबापांना कामावर किंवा शिक्षणाला जाता यावे म्हणून मुलाच्या सांभाळाचा खर्च त्यातून भागवला जातो. या निधीतला निदान दोन टक्के भाग जमातींसाठी वेगळा काढावा असे आता ठरलेले आहे. तेरा वर्षांखालील मुले निदान पन्नास असतील तर जमातीला स्वतंत्रपणे मागणी करता येते; त्याहून कमी असतील तर शेजारच्या जमातींशी संघ करावा लागतो. मुलांची मोजणी जमात स्वतः करते आणि आपले मूल कोणते हेही तीच ठरवते. वाटपाचा मोठा आधार म्हणजे ही डोकेमोजणी. साध्या वर्षी ही रीत पुष्कळ न्याय्य म्हणता येईल. पण पुराचे वर्ष साधे नसते. पुराने पाळणाघर वाहून नेले म्हणून गावातली मुले वाढत नाहीत, आणि मुले वाढली नाहीत म्हणजे पैसाही वाढत नाही.

दक्षिण डकोटा संस्थानात पाइन रिज नावाचा ओग्लाला लाकोटा लोकांचा राखीव प्रदेश आहे. क्षेत्रफळ सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याहून किंचित मोठा. वस्ती मात्र विरळ आणि गरिबी खोल. १८९० चे वूंडेड नीचे हत्याकांड झाले ते याच भूमीत. मार्च २०१९ च्या मध्यास तिथे प्रचंड हिमवादळ झाले. बर्फ वितळू लागले, पण खालची जमीन गोठलेली असल्यामुळे पाणी मुरेना. ते ओढ्यानाल्यांतून उसळले. रस्ते वाहून गेले, नळाची मुख्य वाहिनी फुटली, हजारो लोकांचे पाणी तुटले. चिखल असा, की कित्येक घरांपर्यंत मोटार जाईना. तिथे घोड्यांवरून सामान पोचवावे लागले. अशा प्रसंगी ज्या घरी तान्हे मूल आहे त्या घरची बाई मदतकेंद्रावर कामाला जाईल कशी? आणि जाणार नसेल तर मदतकेंद्र चालवायला बाहेरून माणसे आणायची; ती आठदहा दिवसांनी परत जाणार.

आता पैशाची वाट कशी आहे ती पाहू. मोठ्या आपत्तीत अध्यक्षांनी ‘आपत्ती’ अशी घोषणा केल्याखेरीज केंद्राची तिजोरी उघडत नाही. ही घोषणा मागण्याचा अधिकार १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याने संस्थानाच्या गव्हर्नरास दिला होता. ज्या जमातीने वॉशिंग्टनशी तह केला, तिला पुराच्या वेळी गव्हर्नरच्या दारात उभे राहावे लागे. गव्हर्नरने मागणी केलीच नाही, किंवा सबंध संस्थानाच्या मानाने नुकसान थोडे भरले, तर जमातीचे पाणी जमातीच्याच डोळ्यांत राही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ झाले आणि त्यानंतर २९ जानेवारी २०१३ रोजी झालेल्या कायद्याने ही अट गेली. जमातीला आपली मागणी थेट अध्यक्षांकडे करता येऊ लागली. उत्तर कॅरोलिनातल्या चेरोकी लोकांच्या पूर्वेकडील शाखेने महिनाभरात हा अधिकार वापरला. १ मार्च २०१३ रोजी जमातीच्या नावाने पहिली घोषणा झाली. नॅव्हाहो राष्ट्राची घोषणा लागलीच चार दिवसांनी झाली.

अधिकार आला, पण उंबरठा राहिलाच. २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत किमान अडीच लाख डॉलरांचे नुकसान दाखवावे लागे. दीडदोनशे घरांच्या जमातीत तेवढे नुकसान मांडून, मोजून, छायाचित्रांसह सिद्ध करणे हेच एक कचेरीचे काम होऊन बसते, आणि कचेरीतली माणसे दोन! डिसेंबर २०२४ मध्ये हा आकडा एक लाखावर आणला गेला. त्याखेरीज सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीत साधारणपणे तीन चतुर्थांश भार केंद्र उचलते आणि चौथा हिस्सा मागणाऱ्याने घालायचा असतो. ज्या जमातीजवळ कर बसवण्यासारखे फारसे काही नाही, तिने हा चौथा हिस्सा आणायचा कोठून?

पण आमच्या मते खरी अडचण याच्याही पुढे आहे. जमातीने स्वतः बांधलेले पाळणाघर सार्वजनिक इमारतीत मोडते. त्याला हा पैसा मिळू शकतो. परंतु खेड्यापाड्यांत मुले सांभाळली जातात ती बहुधा कोणा आजीच्या, मावशीच्या घरात. पाचसहा मुले, एक खोली, एक चूल. आपत्तीच्या हिशेबात हे घर म्हणजे खाजगी धंदा. धंद्याला कर्ज मिळते, अनुदान मिळत नाही. कर्जाला तारण लागते. आणि राखीव प्रदेशातील पुष्कळ जमीन केंद्र सरकारने जमातीचा विश्वस्त म्हणून स्वतःच्या नावे धरलेली आहे, ती सहजासहजी गहाण पडत नाही. जमीन परक्याच्या घशात जाऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. ती चांगलीच आहे. पण पुराच्या वर्षी त्याच तजविजीमुळे आजीच्या घरावर पत्रा चढत नाही.

मग संगोपनाच्या निधीतूनच इमारत का उभारू नये? संस्थानांना त्या पैशातून इमारत बांधण्याची मनाई आहे. जमातींना मात्र परवानगी घेऊन बांधता येते, आणि ही सवलत मोलाची आहे. पण तिला एक कलम चिकटलेले आहे. बांधकामाला पैसा वळवल्यामुळे गेल्या वर्षीपेक्षा मुलांची सेवा कमी होता कामा नये. कलमामागचा हेतू कोणालाही पटेल. भिंतींसाठी मुलांच्या तोंडचा घास काढू नये. पण जिथे भिंतीच पडल्या आहेत तिथे सेवा आधीच घटलेली असते, ती भिंतींवाचून वाढत नाही आणि वाढल्यावाचून भिंती नाहीत. २०१४ च्या कायद्याने या कलमाला थोडी ढील दिली: घट तात्पुरती असेल तर चालेल. ही ढील मिळायला अठरा वर्षे लागली.

ही पार्श्वभूमी ठाऊक असली म्हणजे जून २०१९ च्या कायद्यातली एक लहानशी तरतूद किती मोठी होती हे समजते. ६ जून रोजी अमलात आलेल्या त्या आपत्तीनिवारण कायद्यात संगोपनाच्या निधीला ३ कोटी डॉलर जादा दिले गेले. २०१८ ची वादळे, वणवे, ज्वालामुखी, भूकंप आणि २०१९ चे पूर व चक्रवात, एवढ्यांसाठी हे पैसे. एवढ्या विस्तीर्ण देशाच्या मानाने रक्कम किरकोळ म्हणावी लागेल. पण तिच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. वाटप डोकेमोजणीने नव्हे, तर गरज पाहून करायचे; जमाती, संस्थाने आणि बेटांचे प्रदेश सारे एका पंक्तीला. पडलेली पाळणाघरे दुरुस्त करता यावीत, नव्याने उभारता यावीत. घरगुती पाळणाघरालाही मदत मिळावी, आणि त्या घरावर सरकारने आपला हक्क सांगू नये. इतर इमारतींवर दहा वर्षांनंतर सरकारचा हक्क राहू नये. आणि कायदा होण्यापूर्वीच कोणी पदरचे पैसे घालून काम उरकले असेल तर त्याची भरपाई करता यावी. आम्ही वर ज्या गाठी सांगितल्या त्यांतल्या बहुतेक इथे सैल केलेल्या दिसतात. ज्या कोणी हे कलम लिहिले त्याने खेड्यातले पाळणाघर डोळ्यांनी पाहिले असावे, असे आम्हांस वाटते.

काळाचा हिशेब मात्र करून पाहावा. पूर मार्चमध्ये, कायदा जूनमध्ये, त्यानंतर गरजेची पाहणी, मग मागणी, मग मंजुरी. डकोटात जमीन पुन्हा गोठण्यापूर्वी पाया खणता आला नाही, की पुढचा वसंत येईपर्यंत काम थांबते. मोठ्या माणसाला दोन वर्षे म्हणजे दोन वर्षे. तीन वर्षांच्या मुलाला ती सबंध बालपणाएवढी. पाळणाघर पुरे होते तेव्हा ज्या मुलांच्या नावाने पैसा मागितला ती शाळेत गेलेली असतात.

येथे कोणी विचारील, की एवढी घाई असेल तर मुले जवळच्या शहरातल्या पाळणाघरात का नेऊ नयेत? या प्रश्नाला इतिहासाने कडू उत्तर ठेवलेले आहे. १८७९ मध्ये पेन्सिल्व्हानियात कार्लाइल येथे निवासी शाळा निघाली आणि तिच्या धर्तीवर पुढे अनेक निघाल्या. जमातींची मुले आईबापांपासून तोडून तिथे नेली, त्यांचे केस कापले, भाषा बोलल्याबद्दल शिक्षा केल्या. पुढे मुले परक्या कुटुंबांत देण्याचे प्रमाण इतके वाढले, की १९७८ मध्ये ते आवरण्यासाठी निराळा कायदा करावा लागला. ज्या आजीने हे सोसले तिला ‘मुले थोडे दिवस बाहेर पाठवा’ हे वाक्य थोड्या दिवसांचे वाटत नाही. शिवाय आजीची भाषा मुलाच्या कानी पडण्याची जागा आता बहुतेक ठिकाणी हे पाळणाघरच उरले आहे. आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, त्या आदिवासी मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच त्याच्या अंगणात न्यायला. मूल ज्या अंगणातले आहे तिथेच त्याला वाढवावे, ही गोष्ट मराठी माणसाला फोड करून सांगण्याचे कारण नाही.

ज्यांना केंद्राची मान्यताच नाही अशा जमातींचे काय, हेही दोन शब्दांत सांगितले पाहिजे. लुइझियानाच्या दलदली किनाऱ्यावरची प्वांतोशियां जमात संस्थानाने मान्य केलेली आहे, केंद्राने नाही. २९ ऑगस्ट २०२१ च्या आयडा वादळाने तिच्या वस्तीतली बहुतेक घरे मोडली. पण वर सांगितलेला दोन टक्क्यांचा भाग, थेट मागणीचा अधिकार, यांतले काहीच तिच्या वाट्याचे नव्हते.

दर आपत्तीला नवा कायदा करायचा, ही रीत बदलून कायमचा राखीव निधी ठेवावा, असे आमचे मत आहे. त्यावर आक्षेप असा, की पैसा वर्षानुवर्षे पडून राहील आणि पडून असलेल्या पैशाला वाटा फुटतात. आक्षेप खोटा नाही. परंतु आग विझवण्याचा बंबही बहुतेक दिवस पडूनच असतो. म्हणून आग लागल्यावर नगरपालिकेची सभा बोलावून बंब विकत घ्यावा असे कोणी म्हणत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक आपत्तीनिवारण कायदा झाला आणि त्यातही संगोपनाच्या निधीला भर मिळाली. ती २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांतल्या आपत्तींसाठी. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २०२५ च्या सुमारास, हालोंग वादळाचा शेष अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळला. किपनुक आणि क्विगिलिंगोक ही युपिक लोकांची दोन गावे समुद्रात बुडाल्यासारखी झाली. काही घरे पायासकट तरंगत गेली. रस्ता नाहीच, तेव्हा लोकांना विमानांतून सुमारे आठशे किलोमीटरवरच्या अँकरेज शहरात नेले. त्यांची मुले आता तिथे, जमात कागदोपत्री इकडे, गाव राहण्याजोगे नाही, आणि वादळ २०२५ चे असल्यामुळे आदल्या कायद्यातली भर त्यांच्या उपयोगाची नाही. अँकरेजमधील एका शाळेत युपिक भाषेतून शिकवण्याचा वर्ग आधीपासून होता, त्यात या गावांतली काही मुले बसू लागली. त्यांहून लहान असलेली, अजून पाळणाघराच्या वयाची मुले आईबापांबरोबर प्रथम निवाऱ्याच्या सभागृहांत राहिली आणि नंतर हॉटेलांच्या खोल्यांत.