सव्हाना : एका ऐतिहासिक शहराचे पर्यटनमूल्य

प्रस्तावना

ऐतिहासिक शहरांच्या पर्यटनाची चर्चा बहुधा एखाद्या प्रसिद्ध वास्तूभोवती केंद्रित होते. किल्ला, राजवाडा, देवालय किंवा स्मारक यांस मध्यवर्ती मानून उर्वरित शहराला पार्श्वभूमीचे स्थान दिले जाते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना हे बंदराचे शहर या समजुतीस अपवाद ठरते. तेथील कोणत्याही एका इमारतीपेक्षा संपूर्ण शहराची मांडणीच पर्यटकांना अधिक आकर्षित करते. या आकर्षणाचे स्वरूप नगररचना, जतन आणि इतिहासकथन या तीन अंगांनी स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अमेरिकेच्या संदर्भात 'दक्षिण' हा शब्द केवळ दिशावाचक नाही. ज्या राज्यांची शेती व संपत्ती गुलामांच्या श्रमावर उभी होती आणि ज्यांनी १८६०-६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघण्याचा मार्ग पत्करला, त्या राज्यांचा तो प्रदेश होय. त्यामुळे दक्षिणेतील जुन्या शहराचे सौंदर्य आणि त्या सौंदर्याचे मोल चुकविणारी माणसे यांचा विचार एकमेकांपासून वेगळा करता येत नाही.

नगररचना : चौकांचे शहर

जेम्स ओगलथॉर्प याने फेब्रुवारी १७३३ मध्ये सव्हाना नदीकाठच्या उंचवट्यावर या शहराची स्थापना केली. तेथील यामाक्रॉ या मूळ रहिवाशांचा प्रमुख टोमोचिची याने नव्या वसाहतकऱ्यांशी सलोखा राखला आणि मेरी मसग्रोव्ह या स्त्रीने दुभाष्याचे काम केले. जॉर्जिया ही इंग्रजांच्या तेरा वसाहतींपैकी सर्वांत शेवटची वसाहत होती.

ओगलथॉर्पच्या आराखड्याचे मूळ एकक म्हणजे 'वॉर्ड'. प्रत्येक वॉर्डाच्या मध्यभागी एक मोकळा चौक, त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस मिळून ४० घरांचे भूखंड आणि पूर्वेस व पश्चिमेस सार्वजनिक इमारतींसाठी ४ मोठे भूखंड, अशी ही रचना होती. 'चौक' म्हणजे येथे रस्त्यांचा छेद नव्हे. घरांच्या ओळींनी वेढलेली ती चौकोनी मोकळी जागा होय. शहर वाढले तेव्हा याच एककाची पुनरावृत्ती होत गेली. १८५१ पर्यंत अशा चौकांची संख्या २४ झाली. त्यांपैकी २२ चौक आज अस्तित्वात आहेत.

या रचनेचे पर्यटनदृष्ट्या दोन परिणाम दिसून येतात. पहिला असा की, वाहनांना प्रत्येक चौकाला वळसा घालावा लागत असल्याने त्यांचा वेग आपोआप मंदावतो आणि शहर पायी हिंडण्याजोगे राहते. दुसरा असा की, काही मिनिटांच्या अंतरावर पुढचा चौक येत असल्याने पादचाऱ्यास बसण्यासाठी सावली व पाहण्यासाठी नवे दृश्य सतत मिळते. मार्गदर्शक पुस्तिका नसली तरी शहराची घडण सहज ध्यानात येते.

चौकांतील सदाहरित ओक वृक्षांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा हे या शहराचे जणू बोधचिन्हच आहे. 'स्पॅनिश मॉस' या नावामुळे तिला शेवाळ समजले जात असले, तरी ती अननसाच्या कुळातील सपुष्प वनस्पती आहे. ती झाडाचा केवळ आधार घेते. बांडगुळाप्रमाणे त्याचा रस शोषत नाही. दमट हवेतून व पावसातून मिळणारे पाणी तिला पुरते.

जतन : नागरिकांचा पुढाकार

डिसेंबर १८६४ मध्ये संघराज्याचा सेनापती शर्मन याने सव्हाना जिंकले आणि ते राष्ट्राध्यक्ष लिंकन यांस नाताळची भेट म्हणून अर्पण करीत असल्याची तार पाठविली. शहर जाळले न गेल्याने त्याच्या जुन्या इमारती टिकल्या. मात्र युद्धातून वाचलेल्या या शहराला पुढे मोटारींच्या युगात अधिक हानी सोसावी लागली. १९५४ मध्ये एलिस चौकातील जुनी मंडई पाडून तेथे वाहनतळाची इमारत उभारण्यात आली. त्यानंतर १८२० च्या सुमारास बांधलेले डेव्हनपोर्ट हाऊस पाडले जाण्याची वेळ आली. तेव्हा शहरातील सात स्त्रियांनी एकत्र येऊन ते वाचविले आणि १९५५ मध्ये 'हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली.

या संस्थेची कार्यपद्धती अभ्यासनीय आहे. फिरत्या निधीतून धोक्यात आलेली इमारत खरेदी करायची, ती पाडली जाणार नाही व तिचे मूळ रूप राखले जाईल अशा कायदेशीर अटींसह नव्या मालकास विकायची आणि आलेल्या रकमेतून पुढील इमारत घ्यायची, असे तिचे सूत्र होते. यामुळे मर्यादित भांडवलातून शेकडो इमारती वाचल्या व त्या वापरातही राहिल्या. १९६६ मध्ये या जुन्या भागास राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचा दर्जा मिळाला. एलिस चौकातील वाहनतळ पुढे हटविण्यात येऊन २०१० मध्ये तो चौक पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

शिक्षणसंस्थेचा वाटाही नोंद घेण्याजोगा आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या 'सव्हाना कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन' या संस्थेने नवे संकुल बांधण्याऐवजी जुने शस्त्रागार व अन्य ओस पडलेल्या इमारती दुरुस्त करून तेथे वर्ग भरविले. शहर हेच तिचे आवार बनले.

इतिहासकथन : झाकलेली बाजू

सव्हानाच्या वैभवाची दुसरी बाजू मात्र दीर्घकाळ पर्यटकांसमोर क्वचितच मांडली गेली. वसाहतीच्या प्रारंभी जॉर्जियात गुलाम बाळगण्यास बंदी होती. ती १७५१ मध्ये उठविण्यात आली. १७९३ मध्ये सव्हानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह या मळ्यावर एली व्हिटनीने सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले आणि कापसाची लागवड झपाट्याने पसरली. त्यासोबत गुलामांची मागणीही वाढली. नदीकाठच्या 'फॅक्टर्स वॉक' या भागातील इमारती कापसाच्या अडत्यांच्या पेढ्या होत्या. तेथील उतारावरील फरसबंदीचे दगड जहाजांचा तोल राखण्यासाठी आणलेले होते. आज याच परिसरात दुकाने व उपाहारगृहे आहेत.

मार्च १८५९ मध्ये शहराबाहेरील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवस लिलाव चालला आणि पियर्स बटलर या मळेवाल्याच्या मालकीचे ४०० हून अधिक स्त्रीपुरुष व मुले विकली गेली. 'आक्रोशाची वेळ' या अर्थाच्या नावाने कृष्णवर्णीय समाजाने ही घटना स्मरणात ठेवली. त्या जागी स्मृतिफलक लागण्यास मात्र २००८ साल उजाडले. श्रीमंतांची घरे विटा-दगडांची असल्याने टिकली व जतन झाली. लिलावाच्या मैदानावर टिकण्यासारखे काही उभेच नव्हते. जे जतन होते तेच दाखविले जाते आणि जे दाखविले जाते तोच इतिहास मानला जातो, ही वारसा-पर्यटनातील मूलभूत अडचण येथे स्पष्ट होते.

या स्थितीत गेल्या काही दशकांत बदल घडून आला आहे. नदीकाठी २००२ मध्ये पायाशी तुटलेल्या बेड्या असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाचे शिल्प उभारण्यात आले. १८१९ मध्ये पूर्ण झालेली ओवेन्स-थॉमस हवेली पूर्वी विल्यम जे याच्या वास्तुशैलीसाठी दाखविली जात असे. आता मागच्या अंगणातील गुलामांच्या खोल्याही तितक्याच महत्त्वाने दाखविल्या जातात आणि २०१८ पासून संग्रहालयाच्या नावातही त्यांचा समावेश झाला आहे. गुलामगिरीचा समर्थक जॉन कॅल्हून याचे नाव असलेल्या चौकास २०२३ मध्ये सूझी किंग टेलर हिचे नाव देण्यात आले. जन्माने गुलाम असलेली टेलर सव्हानात चोरून लिहावयास-वाचावयास शिकली, युद्धकाळात मुक्त झालेल्यांना तिने शिकविले आणि १९०२ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. शहरातील चौकांपैकी स्त्रीचे तसेच कृष्णवर्णीय व्यक्तीचे नाव लाभलेला हा पहिलाच चौक होय.

मराठी वाचकास हा विषय सर्वस्वी परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला होता.

आकर्षणाच्या मर्यादा

जॉन बेरेंट यांच्या १९९४ मधील 'मिडनाइट इन द गार्डन ऑफ गुड अँड ईव्हिल' या पुस्तकानंतर शहराकडे पर्यटकांचा ओघ वाढला. रात्रीच्या भुताखेतांच्या सहली हा तेथील मोठा व्यवसाय आहे. अशा सहलींत ऐकीव कथा व नोंदलेला इतिहास यांची सरमिसळ होण्याचा धोका असतो. शिवाय जुन्या घरांचे रूपांतर पर्यटकांच्या अल्पमुदतीच्या निवासात होऊ लागल्याने ऐतिहासिक वॉर्डांत त्यावर निर्बंध घालणे नगरपालिकेस भाग पडले. रहिवासी निघून गेले तर चौक सुंदर राहतील, परंतु शहर उरणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) सव्हानाच्या आकर्षणाचा पाया त्याची पुनरावृत्त होणारी, पायी चालणाऱ्यास अनुकूल नगररचना हा आहे.

२) ही रचना टिकली ती प्रामुख्याने नागरिकांच्या संघटित प्रयत्नांमुळे, इमारत वापरात ठेवणे हेच जतनाचे परिणामकारक साधन ठरले.

३) गुलामगिरीचा इतिहास उघडपणे मांडल्याने शहराचे आकर्षण घटलेले नाही. उलट, हवेलीचा दिवाणखाना पाहणाऱ्यास मागच्या अंगणातील खोल्याही दिसू लागल्याने त्या वास्तूचा अर्थ पूर्ण झाला आहे.

कोणत्याही ऐतिहासिक शहराच्या अभ्यासात काय उभे आहे याबरोबरच काय उभे राहू शकले नाही याचीही नोंद घेणे आवश्यक आहे. सव्हानातील हवेल्यांची यादी लिलावाच्या मैदानावरील त्या फलकाशिवाय अपुरी राहते.