मशेरीची डबी आणि घरातल्या बायकांचे दात

बाजारातून आणलेली तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर शिंका सुरू झाल्या की उतरवायची, चुरून डबीत भरायची. झाली मशेरी तयार! वाचकहो, तुमच्या घरातली डबी कुठे असते, चुलीमागच्या कोनाड्यात की आजीच्या उशाखाली, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

म्हणायला हे दात घासायचे साधन. पण दात कुणी दिवसातून पाच वेळा घासते का? सकाळी उठल्यावर, न्याहारीनंतर, शेतातून आल्यावर, रात्री भांडी झाल्यावर. बोट डबीत जातेच. सुरुवात बहुधा दाढदुखीने होते. सून म्हणते, "दाढ लई ठणकतीया." शेजारीण म्हणते, "जरा मशेरी लाव, बरं वाटंल." बरे वाटल्यासारखे होतेही, पण दाढेतली कीड आहे तिथेच राहते. दुखणे आत मुरते आणि बोटाला सवय जडते ती कायमची. पुरुषाच्या विडीवर घरात भांडण होते, बाईच्या मशेरीकडे मात्र कुणी व्यसन म्हणून पाहतच नाही.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? भाजल्याने तंबाखूतले विष जळून जाते, हा समजही खोटा आहे. निकोटीन शिल्लक राहते, कर्करोग करणारी द्रव्येही राहतात. "मशेरीबिगर पोट साफ होत न्हाई," असे बायका सांगतात. ते खोटे नव्हे. निकोटीन आतड्याला चाळवते. पण सवय लागली की आतडे त्याचीच वाट पाहते. गरोदर बाईने लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो, हे सासूबाईंनीही ध्यानात घ्यावे.

आता एक काम आजच करा. उजेडात आरसा घेऊन बसा. मशेरी जिथे फिरते ती जागा, म्हणजे ओठाच्या आतली बाजू, हिरड्या, गालाची आतली कातडी आणि जीभ बाजूला करून जिभेखालचा भाग, नीट पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट अजिबात न सोसणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे यांपैकी काही दिसले तर थांबू नका. असा चट्टा बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच तो अंगावर काढला जातो. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात ते विचारून जा. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत. दाढ काढली की नजर कमी होते, ही भीती निराधार आहे.

सोडायची कशी? एकदम जमले तर उत्तमच. नाहीतर दुपारची आधी बंद करा, सकाळची शेवटी. पहिला आठवडा कठीण जातो. डोके दुखते, चिडचिड होते, पोट जड राहते. घरच्यांनी तेवढे दिवस सांभाळून घ्यावे. कोमट पाणी, पालेभाजी पोटाला मदत करतात. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप चालेल. सुपारी मात्र नको, तीही कर्करोगकारकच आहे. १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर व्यसन सोडण्यासाठी सल्ला मिळतो.

आणि दात घासायचे कशाने? राख, कोळसा, विटेचा भुगा यांनी दातावरचे कवच झिजते, मग गार पाणी लागले की शिवशिवते. मऊ ब्रश आणि फ्लोराईड असलेली साधी टूथपेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना, प्रत्येकी दोन मिनिटे. रात्रीचे घासणे जास्त महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि किडीचे फावते. बाभळीची किंवा निंबाची काडी वापरणाऱ्यांनी ती चावून मऊ करावी, हिरडी रक्ताळेपर्यंत घासू नये.

डबीचे काय करायचे, ते घरातल्या बाईलाच ठरवू द्या. मालकांनी तिची डबी फेकायला उठण्याआधी स्वतःच्या बंडीच्या खिशातली चंची बाहेर काढावी. लेक मात्र आईच्या डबीतच पहिल्यांदा बोट घालते, हे दोघांनीही पाहिलेले असते.