गणंग

पिरंगुट सोडून उरवड्याच्या रस्त्याने मुठा खोऱ्यात शिरलं, की पावसाळ्यात दोन्ही अंगांना भातखाचरं लागतात. इथलं खरं पीक भात. ज्वारी देशावरची, आणि मका तर आणखी लांबचा पाहुणा. लाही मात्र इथे पाहुणी नाही. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांशेजारी साळीच्या लाह्या हव्यातच. लग्नात लाजाहोमाला नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत घालतो त्याही लाह्याच. 'लाजा' या संस्कृत शब्दाचीच 'लाही' झाली. मका आपल्याकडे आला तो कोलंबसानंतर. म्हणजे गॅसवर कढई चढवून आपण पॉपकॉर्न करतो, तेव्हा दाणा नवा असतो, विद्या जुनीच.

विद्या पाण्याची. लाही आचेने फुटते असं आपण धरून चालतो, पण आच नुसती निमित्ताला. पॉपकॉर्नच्या चांगल्या दाण्यात वजनाच्या साधारण 14 टक्के पाणी असतं आणि टरफल टणक असतं. पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, आतलं पीठ मऊ पडतं. दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ नऊपट झाला की टरफल फाटतं, पीठ फुगतं आणि तिथल्या तिथे थिजतं. विरो आणि पोनोमारेंको या दोन फ्रेंच संशोधकांनी 2015 साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं : 170 अंश सेल्सिअसला शंभरातले 34 दाणे फुटले, 180 अंशांना 96. 'तड' हा आवाज टरफलाचा नाही, सुटलेल्या वाफेचा, असंही त्यांना दिसलं. घाटात पावसात उभं राहून आपण जे गोड कणीस खातो, त्याचे दाणे घरी वाळवून कढईत टाकले तर करपतात. वाफ कोंडून धरणारं टरफल त्यांच्याकडे नाही.

साळीत हे कोंडण्याचं काम तूस करतं. लाही उमलते आणि तूस सुटून पडतं. म्हणून कांडलेल्या तांदळाच्या लाह्या होत नाहीत. त्याचे चुरमुरे करायचे तर साळ आधी उकडावी लागते. ती वाट वेगळी.

ज्वारीच्या लाह्यांत ही पाण्याची जाण सगळ्यांत स्वच्छ दिसते. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, त्यामुळे लाह्या आधीच फोडून ठेवायच्या. त्याच्याही आदल्या दिवशी ज्वारीवर कढत पाणी घालायचं, निथळायची, फडक्यात बांधून रात्रभर ठेवायची. सकाळी दाणा हाताला कोरडा लागतो, पण ओल आत मुरलेली असते. मग तापलेल्या कढईत मूठ-मूठ टाकून फडक्याच्या बोळ्याने दाबत फिरवायची. हे करणाऱ्या बायकांनी टक्केवारी कधी काढली नाही. त्यांना ती लागलीही नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने लाह्यांसाठी ज्वारीचा खास वाण काढला, त्याचं नाव 'फुले पंचमी'. वाणाच्या नावात सण येणं मला फार आवडतं.

मागच्या पावसाळ्यात माझ्या घरी मक्याची एक जुनी पुडी निघाली. अर्ध्याहून जास्त दाणे तसेच राहिले. मी तेलाला दोष दिला, आचेला दिला, कढईला दिला. मग ज्वारी आठवली. उरलेला वाटीभर मका बरणीत घातला, वर चमचाभर पाणी, घट्ट झाकण. येता-जाता बरणी हलवत तीन दिवस ठेवली. मग जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेल आणि आधी फक्त तीन दाणे. तिन्ही फुटल्यावर बाकीचे, बूड जेमतेम झाकेल एवढेच. झाकण किंचित कलतं, कारण वाफ आत राहिली तर लाही चिवट होते. तडतड विरळ होऊन दोन आवाजांत दोन सेकंद जाऊ लागले, की गॅस बंद.

तळाशी न फुटलेले जे उरतात त्यांना मराठीत नेमका शब्द आहे : गणंग. निकामी माणसालाही आपण तेच म्हणतो. या वेळी ते अकरा निघाले. भिंगाखाली धरले तर सात जणांच्या टरफलाला केसाएवढी चीर होती. उरलेले चार धडधाकट दिसत होते. ते पुन्हा बरणीत टाकलेत.