अल्टरनेटर उतरवण्याआधी

जुनी डिझेल जीप सकाळी स्टार्ट झाली नाही की आधी बॅटरी बदलली जाते. महिन्याभरात नवी बॅटरीही बसली की खापर अल्टरनेटरवर फुटतं. कोपरसारख्या खाडीकाठच्या वस्तीत खरा दोष बरेचदा तिसरीकडेच असतो. उल्हास खाडीवरची खारट, दमट हवा टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढवते. दिसायला किरकोळ, पण हिशेब करून पाहा. अल्टरनेटर ४० अँपिअर देत असताना वाटेत ०.०२ ओहम रोध आला, तर ओहमच्या नियमाने ०.८ व्होल्ट तिथेच संपतात. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट तयार करतो, बॅटरीला पोहोचतात १३.४. ती पुरती भरतच नाही.

म्हणून पान्याच्या आधी मल्टिमीटर हातात घ्या. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ हवेत. कमी दिसले तर हेडलाइट लावून, थोडी रेस देऊन अल्टरनेटरचा आउटपुट बोल्ट आणि बॅटरीचा प्लस यांच्यामधला फरक मोजा. तो अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर वायर आणि लग बदला. अर्थिंगची पट्टीही घासून घ्या, बेल्टचा ताण बघा. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विसरू नका. अनेक जुन्या गाड्यांत रोटरला चुंबक बनवणारा सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून जातो. बल्ब उडाला, तर धडधाकट अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि चार्जिंग बघायचं, ही पद्धत मात्र कायमची सोडा. व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड प्लेट जळते.

अल्टरनेटर बदलावाच लागला, तर त्याची पाठ नीट पाहा. पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इनटेकमधून मिळतो. डिझेल इंजिनात तशी थ्रॉटलची झडप नसते, म्हणून वेगळा पंप लागतो, आणि आपल्याकडच्या अनेक डिझेल जीपमध्ये तो अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. त्याला इंजिन ऑइल लागतं. सील गेलं की ते ऑइल आत उतरतं आणि कार्बन भिजवून टाकतं. तेव्हा नुसते कार्बन बदलून भागत नाही, सीलही बदलावंच लागतं.

नवा अल्टरनेटर घेताना पंप त्याच मापाचा आहे ना, हे दुकानातच पडताळा. बसवल्यावर ऑइलचा पाइप आणि व्हॅक्यूमची नळी घट्ट बसली आहे का ते बघा. मग इंजिन चालू करून गाडी जागेवरच ठेवा आणि ब्रेकचं पेडल दाबून पाहा. ते कडक लागलं, तर गाडी रस्त्यावर काढू नका.