घाईत हरवणारे अखलाक

चांगले अखलाक एकदा अंगी बाणले की कायमचे, असे आपण समजतो. अमेरिकेत प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन यांनी केलेला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वेगळेच सांगतो.

भाषण द्यायला निघालेल्या या विद्यार्थ्यांच्या वाटेत मुद्दाम एक माणूस कण्हत बसवला होता. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला धावले. उशीर झालाय असे सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के. काहींचे भाषण तर संकटातील वाटसरूला मदत करण्यावरच होते!

नमाज उभी राहिली तरी धावत येऊ नका, शांतपणे या, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आपण घरातून दहा मिनिटे आधी निघू या. वाटेत कुणी अडलेला दिसला, तर थांबता येईल.