दुसरा एक्स-रे कशासाठी?

‘डॉक्टर, एकच काढला तर नाही का चालणार?’ प्राण्यांच्या दवाखान्यात हा प्रश्न सर्रास कानावर पडतो आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेकदा बिलाचा आकडा असतो. शंका रास्त आहे, पण इथे डॉक्टरांचं ऐकावं. एक्स-रे म्हणजे सावली. कुत्र्याच्या पोटात नाणं दिसलं, तर ते जठरात आहे की अंगाखाली टेबलावर पडलंय, हे एका सावलीवरून सांगता येत नाही. काटकोनात दुसरी घेतली की कळतं. मोडलेलं हाड एका बाजूने सरळ दिसतं, दुसऱ्या बाजूने पाहावं तर दोन्ही टोकं एकमेकांना सोडून गेलेली.

छातीचं प्रकरण आणखी नाजूक. कुत्रं उजव्या कुशीवर निजवलं की खालचं फुप्फुस दबतं, त्यातली हवा कमी होते आणि तिथली लहानशी गाठ भोवतालच्या करड्या रंगात हरवते. डाव्या कुशीवर वळवलं की तीच गाठ उठून दिसते. म्हणून कॅन्सर फुप्फुसात पसरलाय का हे पाहायचं तर दोन कुशींवरचे आणि एक उताणा, असे तीन. हृदय वाढलंय का हे ठरवायची पट्टीही याच चित्रात मिळते. हृदयाची लांबी आणि रुंदी छातीच्या चौथ्या मणक्यापासून पुढे मणक्यांवर मोजून बेरीज करतात. जेम्स ब्यूकॅनन यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत. बहुतेक निरोगी कुत्र्यांत बेरीज साडेदहा मणक्यांच्या आत राहते. बॉक्सरसारख्या काही जातींत मुळातच जास्त भरते. कुत्रं लहान असो की थोराड, माप ज्याच्या त्याच्या मणक्यांचं!

मात्र ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. हाड आणि धातू पांढरे दिसतात, हवा काळी; मांस आणि पाणी मात्र एकाच करड्या रंगाचे. आंब्याच्या दिवसांत कुत्री कोय गिळतात. ती हाडासारखी ठळक दिसत नाही. डॉक्टर शोधतात ते तिच्या अलीकडे फुगलेलं आतडं. मांजराने दोरा गिळला तर दोरा दिसत नाही, पण आतडं नाडी ओढलेल्या परकरासारखं गोळा झालेलं दिसतं. (मांजराच्या जिभेखाली अडकलेला दोरा दिसला तर ओढू नका, आतडं चिरतं. तसंच डॉक्टरकडे न्या.) लंगडणाऱ्या लॅब्राडोरच्या गुडघ्यातला तुटलेला लिगामेंटही दिसत नाही, सांध्यात साचलेलं पाणी तेवढं दिसतं. अशा वेळी डॉक्टर सोनोग्राफी सांगतात, ती उगाच नव्हे.

गाभण कुत्रीचं उलट आहे. सोनोग्राफीत साधारण पंचविसाव्या दिवसापासून पिल्लांची हृदयं धडधडताना दिसतात, पण मोजणी फसते. पिल्लांची हाडं एक्स-रेत दिसू लागतात ती पंचेचाळीस दिवसांच्या आसपास. पंचावन्नच्या पुढे डोकी आणि कणे नीट मोजता येतात. कुत्री विते त्रेसष्टच्या सुमाराला. सहा मोजली असतील आणि पहाटेपर्यंत पाचच झाली, तर डॉक्टरांना फोन करायचा हे कळतं. तोवर पिल्लांचे अवयव तयार झालेले असतात, त्यामुळे एका एक्स-रेचा बाऊ नको.

भुलीच्या इंजेक्शनला लोक बिचकतात. पण खुब्याच्या एक्स-रेला मागचे पाय सरळ ताणून गुडघे आत वळवावे लागतात. दुखऱ्या खुब्याचं जागं कुत्रं ते का करू देईल? शिवाय प्राणी गुंगीत असला की त्याला धरायला माणसं लागत नाहीत. तुम्हाला धरायला सांगितलंच, तर लेड अॅप्रन आणि गळ्याची पट्टी मागून घ्या. लेडचे हातमोजे विखुरलेले किरण अडवतात, थेट झोत नाही, त्यामुळे मोजे घातलेला हातही चित्रात यायला नको. गरोदर बाई आणि अठराच्या आतली मुलं खोलीबाहेर. धापा टाकणाऱ्या मांजरासाठी मात्र एक्स-रेची घाई करू नका. आधी ऑक्सिजन, टेबलावर दाबून धरल्याने जीवही जाऊ शकतो.

निघताना उपाशी आणायचं का ते फोनवर विचारा. पट्टा काढून ठेवा, अंग कोरडं असू द्या. ओल्या केसांच्या रेघाही चित्रात उमटतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर खिडकीला धरलेल्या फिल्मचा व्हॉट्सअॅप फोटो कामाचा नाही. डिजिटल एक्स-रेची मूळ डायकॉम फाइल मागा, आणि तिच्यावर तारीख आणि डाव्या-उजव्याची खूण आहे ना, तेवढं काउंटरवरच पाहून घ्या.